मोराचे अंगण आणि ओढ्यातला झिरा

मुलांनो, सागाच्या एका जंगलातून एक ओढा वाहत असे. पावसाळ्यात तो दोन्ही काठ भरून धावे आणि उन्हाळ्यात त्याची नुसती वाळू उरे. तरीही त्या जंगलात तहानेने कधी कोणी मेले नव्हते. याचे कारण तिथली एक रानडुकरीण आणि तिचा कळप. थंडी सरू लागली की ओढ्याचे पाणी वाळूखाली खोल खोल जाई. ही मंडळी नाकाने वाळू उकरत त्या पाण्याच्या मागोमाग खाली जात. अशा खणलेल्या झिऱ्यावर भर वैशाखातही सारे जंगल पाणी पिई. आभार मात्र कोणी मानत नसे. रोज मिळणाऱ्या पाण्याचे कसले आभार?

एका वर्षी थंडीच्या अखेरीस मोराने सभा बोलावली. टेकडीवर नाचासाठी एक मोठे सपाट अंगण करावे, असे त्याच्या मनात होते. शेजारच्या जंगलातले प्राणी नाच पाहायला येतील, आपल्या जंगलाचे नाव होईल, असे त्याने रंगवून सांगितले. एवढी जमीन सपाट कोण करणार, असे कोणीतरी विचारले. मोर म्हणाला, "रानडुकरे करतील. त्यांना नाहीतरी उकरायचेच असते. तुम्हांला एक दाणा द्यायला नको की एक फळ. सगळे फुकटात होईल."

फुकट हा शब्द ऐकताच सगळ्यांच्या माना डोलल्या. पाडसाला घेऊन आलेल्या हरिणीनेही मान डोलावली. रानडुकरीण तेवढी उठून उभी राहिली. कळप एकच आहे, तो टेकडीवर राबला तर ओढ्यात कोण उतरणार, असे तिने विचारले. झिरा काय, मागाहूनही खणता येईल, असे म्हणून मोराने तिला खाली बसवले. सभेचा शब्द मोडायची तिथे रीत नव्हती. कळप मुकाट्याने टेकडी चढला.

अंगण झाले, आणि सुरेख झाले. पण तोवर फाल्गुन उलटून गेला होता. रानडुकरे ओढ्यात उतरली तेव्हा पाणी फार खोल गेले होते आणि वरची वाळू पार सुकली होती. जेवढी उकरावी तेवढी ती पुन्हा खड्ड्यात घसरे. कळपाची नाके सोलवटून निघाली, पण ओल काही लागली नाही. शेवटी सगळ्यांना डोंगरापलीकडच्या तळ्यावर जावे लागे. वाटेत ना झाड ना सावली. त्या वाटेवरच हरिणीचे पाडस खाली बसले. तिने त्याला चाटले, नाकाने ढोसले, पण ते पुन्हा उठले नाही.

प्राणी कुजबुजू लागले तेव्हा मोराला राग आला. त्याने पुन्हा सभा भरवली आणि ओढा उन्हाने आटला आहे, त्यात अंगणाचा काय दोष, असे सुनावले. "मी कोणाचे काय घेतले?" तो म्हणाला. "एक दाणा घेतला असेल तर दाखवा."

हरिणी पुढे आली. तिचा आवाज चढला नव्हता. "ओढा दरवर्षीच आटतो," ती म्हणाली. "दरवर्षी आमची लेकरे मरत नाहीत. रानडुकरांचे ते दिवस झिऱ्याचे होते. ते तू अंगणासाठी घेतलेस. तू फळ मागितले असतेस, तर द्यावे की नाही याचा मी विचार तरी केला असता. तू फुकट म्हणालास, आणि आम्ही कोणीच विचार केला नाही. त्या अंगणाची किंमत वाटेवर पडली आहे. जा, बघून ये."

मोराने मान खाली घातली. माना डोलावणाऱ्यांपैकीही कोणाला मान वर करवेना.

पाऊस आला. टेकडीवर मोर नाचला. शेजारच्या जंगलातून बरेच जण आले, या जंगलातले मात्र कोणी फिरकले नाही. पुढे थंडी सरत आली तेव्हा पाहुण्यांसाठी टेकडीवर रुंद वाट करून घ्यावी, असे मोराने सभेत सुचवले. खर्च काहीच नाही, हेही तो सांगणार होता. तेवढ्यात म्हातारे सांबर म्हणाले, "ती वाट करताना कोणते काम राहील, ते आधी सांग." रानडुकरीण मोराच्या उत्तरासाठी थांबली नाही. ती कळपाला घेऊन ओढ्याकडे निघाली, आणि या वेळी तिला कोणी खाली बसवले नाही.

तात्पर्य : पदरचे काही द्यावे लागले नाही म्हणून कोणतीही गोष्ट फुकट होत नाही, तिच्यापायी जे करायचे राहून गेले, तीच तिची खरी किंमत.