झऱ्याचा जोर आणि वैद्यांची मूठ

पूर्वी एक वृद्ध वैद्य डोंगराच्या कुशीत, झऱ्याच्या नादात राहत असत. झऱ्याचे पाणी बांबूच्या पन्हळीतून येई आणि चामड्याच्या नळीतून ताणलेल्या कापडावर पडे. कापडावर पळसाची राख, खाली वाटी. वाटीत थेंब थेंब औषधी क्षारजल साठत राही.

त्या सकाळी ओसरीवर एक विणकरीण मूतखड्याच्या कळांनी तळमळत होती. घरात राख उरली होती ती कापडावरची एवढीच. वैद्यांच्या तरुण शिष्याचा जीव वरखाली होत होता. इतक्यात दूर शिखरावर ढग बरसले, झरा फुगला, नळी थरथरू लागली.

"आलं पाणी!" शिष्य हर्षला. "आता वाटी लगेच भरेल."

वैद्यांनी मात्र नळीचा गळा मुठीत धरून आवळला.

शिष्य संतापला. "गुरुजी, ती तिकडे विव्हळतेय आणि आपण पाणी अडवता?"

वैद्यांनी खालचा एक थेंब जिभेवर ठेवला. राखेचा कण लागला, तशी मूठ आणखी घट्ट झाली. काही वेळाने झरा ओसरला आणि मूठ सैलावली. डोळे मिटून ऐकणाऱ्याला झरा केव्हा चढला, केव्हा उतरला, हे कळलेच नसते. थेंब त्याच लयीत पडत होते, जणू डोंगर झोपेत श्वास घेत होता.

"बाळ," वैद्य म्हणाले, "सगळा जोर आत शिरता तर कापड फाटून राख वाहून गेली असती. जोर ओसरल्यावरही मी मूठ आवळूनच ठेवली असती, तर थेंबच थांबला असता. हे मला माझ्या पाठीने शिकवलं. तिथे दोन मूत्रपिंडं अखंड रक्त गाळत बसली आहेत. तू चढण चढतोस, चिडतोस, रक्ताचा दाब वाढतो. निजतोस, तो उतरतो. मूत्रपिंडाच्या दारातली बारीक रक्तवाहिनी जोराने ताणली की आपणहून आकसते, जोर घटला की सैल होते. गाळलेलं पाणी घाईने पुढे गेलं, तर त्यातलं मीठ परत उचलायला वेळ मिळत नाही. वाटेवरचा पहारेकरी ते वाढलेलं मीठ ओळखतो आणि मागे दाराला निरोप धाडतो, 'आवळ!' अर्थात दाब फारच चढला किंवा कोसळला, तर मूत्रपिंडंही हतबल होतात. पण तोवर आत पूर नाही, दुष्काळही नाही."

नळी शिष्याच्या हाती देऊन वैद्य रुग्णाकडे गेले.

झरा पुन्हा उसळला. नेमका तेव्हाच त्या बाईचा नवरा, विणकर, धावत आला. "अहो पंडित, पाणी गाळताय की निजलात? तुमची आई पडली असती तिथे, तर असेच बसला असतात?"

शब्द छातीवर आदळले. घटकेपूर्वी शिष्याने नळी तरी सोडली असती, नाहीतर विणकराची गचांडी तरी धरली असती. त्याने नळी आवळली आणि हळूच श्वास सोडला.

"असाच बसलो असतो, काका. यापेक्षाही जपून. बसा इथे, वाटी भरत आलीय."

विणकर मटकन खाली बसला. दोघे थेंबांकडे पाहत राहिले. काही वेळाने शिष्याने स्वच्छ, नितळ पाण्याची वाटी दोन्ही हातांनी उचलून त्या बाईच्या ओठांशी नेली.

जगाचा जोर आपल्या हाती नसतो. तो आत किती शिरू द्यायचा, एवढे मात्र असते.