परत आलेले पुडे

डोंगराच्या पायथ्याशी, बाजारपेठेच्या एका गावात एक चिवडेवाली राहत होती. वयाने काही फार मोठी नव्हती, पण सगळं गाव तिला अक्काच म्हणे. तिचा पातळ पोह्यांचा चिवडा असा, की पुडा फोडला की शेजारच्या घरात वास जायचा. चिवडा गार झाला की ती तो तेलकागदाच्या पुड्यात भरी, तोंड दुमडी आणि त्यावर लाल लाखेची मोहोर उठवी. तिचा धाकटा भाऊ ते पुडे गाडीत घालून आसपासच्या गावांत पोचवायचा. लाल मोहोर दिसली की लोक डोळे मिटून पुडा घेत.

एका सकाळी अक्का पोह्यांची मोठी चाळण धूत होती. हाताला काहीतरी बोचलं. तिने चाळण उजेडात धरली. एका कडेची जाळी झिजून तुटली होती. तळहाताएवढ्या जागेतल्या तारा गायब होत्या.

भाऊ अंगणात बैल जुंपत होता. "अरे, या तारा कुठे गेल्या?" तिने विचारलं.

भावाने चाळण पाहिली, मग गाडी पाहिली. "केसासारखी तर तार," तो म्हणाला. "एवढ्या पुड्यांत कुणाच्या वाट्याला येणार, अक्का? नवी चाळण आणू आणि गप्प बसू."

"ज्याच्या वाट्याला येईल, त्याचा घसा फाटेल. सोड ते बैल."

तिने दवंडीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "नवा माल देणार आहोत, जुना परत करा, असं सांगतो. तुमचं नाव राहील." अक्का म्हणाली, "नाही. चिवड्यात तार गेली आहे, असंच सांगायचं."

दवंडी गावोगाव फिरली. पुडे परत येऊ लागले. कुणी कुरकुरत आणले, कुणी अर्धे खाल्लेले आणले. एका लग्नघरातून तर रुखवतात मांडलेले पुडे परत आले. सुदैवाने कुणाला इजा झाली नव्हती. गावच्या पंचांनी अक्काला देवळात बोलावून शाल पांघरवली. "अशी माणसं आहेत म्हणून गाव उभं आहे," ते म्हणाले.

मागच्या खोपीत पुड्यांची रास छताला लागली. अक्काने परसात खड्डा खणवून घेतला. पण पुडे पुरायची वेळ आली आणि तिचा हात अडला. पहाटे उठून भाजलेले ते पोहे, ते दाणे, ते खोबऱ्याचे तांबूस काप. अन्न मातीत कसं लोटायचं? आज नको, उद्या, असं करत ती दिवस ढकलू लागली.

तेव्हा भाऊ तिच्याजवळ येऊन बसला. "अक्का, डोंगरापलीकडे पाडे आहेत. तिथल्या लोकांना सणालासुद्धा चिवडा दिसत नाही. मी हा सगळा चाळतो, निवडतो आणि तिकडे स्वस्तात विकून येतो. मोहोर खरवडून टाकू, म्हणजे तुझं नाव नको यायला. अन्नही वाचेल, गरिबाच्या तोंडात घासही पडेल."

"नीट निवडशील?"

"एकेक पोहा बघून."

अक्का हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोप रिकामी होती. गाडी डोंगराच्या वाटेला लागली होती. आणि नवी आणलेली चाळण खुंटीला तशीच टांगलेली होती. दुकानदाराने बांधलेली सुतळीसुद्धा सुटली नव्हती.

अक्काने ती सुतळी पाहिली. गाडी अजून हाकेच्या अंतरावर होती. "निवडलास ना रे?" असं ओरडून विचारायला तिने तोंड उघडलं. पण उत्तर तिला ठाऊक होतं, म्हणून तिने विचारलंच नाही. खड्डा तेवढा बुजवून टाकला.

काही दिवसांनी डोंगरापलीकडची एक बाई तिच्या ओट्यावर, विकायला मांडलेल्या पुड्यांशेजारी येऊन टेकली. कडेवर लहान मुलगी होती. वैद्याकडे निघाली होती, चालून दमली होती.

"माय, घोटभर पाणी द्या पोरीला."

अक्काने फुलपात्र आणलं. मुलीने घोट घेतला, पण तो उतरला नाही. रक्ताने लाल होऊन बाहेर आला.

"काय झालं हिला?"

"बाजारातला चिवडा खाल्ला, माय. तेव्हापासून घसा सुजलाय. कुणाचा होता कोण जाणे, पुड्यावर मोहोर नव्हती. तुमच्या मोहरेचा घेतला असता तर ही वेळ आली नसती. तुमचं नाव आमच्याकडेपण ऐकलंय."

अक्काने मुलीला उचललं आणि वैद्याकडे धाव घेतली. वैद्याने चिमट्याने तार काढली. पण जखम आत खोल चिघळली होती. संध्याकाळच्या आत पोर गेली.

आई रडून रडून थकली. मग तिने अक्काचे पाय धरले. "परक्या असून धावलात, माय." अक्काने पाय मागे ओढून घेतले. ती बाई मेलेलं लेकरू पदरात घेऊन डोंगराकडे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच अक्का घराबाहेर पडली. भावाने वाट अडवली. "आता जाऊन काय होणार? सगळं खाऊन झालं असेल."

"सरक बाजूला," ती म्हणाली.

ती पाड्यापाड्यावर फिरली. दारोदार सांगत सुटली, "चिवडा खाऊ नका, त्यात तार आहे." लोक विचारत, "कुठला चिवडा? ओळखायचा कसा?" खूण सांगायला मोहोर कुठे होती? कुणी हसलं. कुणी पुडा घाईघाईने फडताळात लपवला. त्यांना वाटलं, गावातल्या बाईला आपला घास परत हवा आहे.

एका झोपडीत एका म्हातारीने तिला बसायला घोंगडी टाकली आणि थाळीत मूठभर चिवडा आणून ठेवला. "पाहुण्यासाठी राखून ठेवला होता, बाई. आम्ही चाखलासुद्धा नाही. घे."

अक्काने थाळी पुढे ओढली. एकेक पोहा बाजूला करत गेली. शेवटी एक बारीक तार सापडली. तिने ती म्हातारीच्या तळहातावर ठेवली.

म्हातारी तारेकडे बघत राहिली. "तुला कसं कळलं?"

"चिवडा माझा आहे. तार गेली म्हणून मी गावातून परत मागवला होता."

"गावाला सांगितलंस?"

"दवंडी पिटून सांगितलं."

"आणि आम्हाला?"

म्हातारीने थाळी उचलून चुलीत रिकामी केली. दारात खेळणाऱ्या नातवंडांना हाक मारून आत घेतलं. "ऊठ, बाई," ती म्हणाली. "तुला पाणी द्यायला माझा हात उठत नाही."

अक्का उठली. समोरच्या टेकडीवर आणखी एका पाड्याचा धूर दिसत होता. ती तिकडे चालू लागली. तिच्या चुलीवर पुन्हा कढई चढली नाही. पुढे कितीतरी दिवस ती त्या डोंगरात फिरत राहिली, पण कुठल्या फडताळात अजून एखादा पुडा शिल्लक आहे, हे तिला कधीच कळलं नाही.

तात्पर्य: जे आपल्यांच्या ताटातून काढून घेतलं, ते परक्यांच्या ताटात वाढलं, तर आधीचं खरेपणही खोटंच ठरतं, आणि ठाऊक असून न विचारलेला प्रश्न हाही गुन्हाच असतो.