बटणाएवढा सेल

घरात संगणक नवलाचा होता तेव्हाची गोष्ट. टिकेकरांचा संगणक एकाएकी "आज तारीख काय?" असं विचारत रोज सुरू होतानाच अडू लागला.

"माझा दोष नाही," पडदा म्हणाला. संगणकाच्या पाठीचा पंखाही तेच म्हणाला.

आतला बटणाएवढा सेल हळूच म्हणाला, "दोष माझा. तुम्ही झोपलात की वेळ मी सांभाळायचो. आठ वर्षांत डोळ्याला डोळा लागला नाही. आता होत नाही रे."

दर दसऱ्याला बाहेरून दिसणाऱ्या सगळ्यांना हळदकुंकू लागायचं. आतल्या सेलला कधीच नाही.

टिकेकरकाकूंनी संगणक उघडून नवा सेल बसवला. जुना तळहातावर घेऊन त्या क्षणभर थांबल्या, मग त्याला हळदकुंकवाचं बोट लावलं.

"दमलास रे बाबा," त्या म्हणाल्या. "नीज आता."