मशीन कापेना, पिल्लू सुटेना

दौलूकाकांच्या अंगणाच्या कडेला एक बीळ होतं. बिळात राहायची एक चिचुंद्री. नाक लांब, डोळे बारीक. तिचं एकुलतं एक पिल्लू, बोटाएवढं.

सकाळी चिचुंद्री किडे शोधायला बाहेर आली. तेवढ्यात वारा सुटला. सूं सूं सूं! कडकड कडाड! फणसाची मोठी फांदी मोडली. पडली ती थेट बिळाच्या तोंडावर.

आतून आवाज आला, "चीं चीं! आई, भूक!"

चिचुंद्रीने फांदी ढकलली. हं... हं... फांदी हलेना.

चिचुंद्री निघाली. लुटूलुटू, चुक चुक.

पडवीत होती लाकूड कापायची मशीन. तिच्या साखळीला दातच दात.

"मशीनताई, मशीनताई, फांदी काप ना! पिल्लू सुटेना!"

"मी नाही कापत, जा! माझी टाकी रिकामी. डबा ओतेल, तर मी कापीन."

लुटूलुटू, चुक चुक. सावलीत होता लाल डबा. झाकण घट्ट.

"डबूदादा, डबूदादा, ओत ना! मशीन कापेना, पिल्लू सुटेना!"

"मी नाही ओतत, जा! माझ्यात नुसतं पेट्रोल. नुसतं पेट्रोल प्याली तर मशीन आतून करपेल. बाटली ऑइल मिसळेल, तर मी ओतीन."

लुटूलुटू, चुक चुक. फळीवर होती ऑइलची बाटली.

"बाटलीबाई, बाटलीबाई, मिसळ ना! डबा ओतेना, मशीन कापेना, पिल्लू सुटेना!"

"मी नाही मिसळत, जा! जास्त पडलं तर मशीन धूर ओकेल. कमी पडलं तर अडकून बसेल. काका मोजतील, तर मी मिसळीन."

लुटूलुटू, चुक चुक. ओट्यावर बसले होते दौलूकाका.

"काका, काका, मोजा ना! बाटली मिसळेना, डबा ओतेना, मशीन कापेना, पिल्लू सुटेना!"

"मी नाही मोजत, बाय. तो बघ, बंब पेटलाय. पेट्रोलची वाफ डोळ्याला दिसत नाही, पण जाळाला बरोब्बर सापडते. मग भडका!"

"मग लांब जाऊन मोजा ना!"

"कुठे जाऊ? या अंगाला दरड, त्या अंगाला ओढा. अंगण हे एवढंसं. बंब विझेल, तर मी मोजीन."

लुटूलुटू, चुक चुक. न्हाणीपाशी होता तांब्याचा बंब. धग धग, धग धग.

"बंबोबा, बंबोबा, विझा ना! काका मोजेनात, बाटली मिसळेना, डबा ओतेना, मशीन कापेना, पिल्लू सुटेना!"

"मी नाही विझत, जा! पिंगी न्हाईल, तर मी विझेन."

पिंगी म्हणजे काकांची नात. ती बसली होती दाराआड. पायाला चिखल, गालाला चिखल.

तिची आई शेवंता हाका मारत होती, "पिंगे, ये गं! पाणी कधीचं तापलंय!"

"नाही येणार ज्जा!"

लुटूलुटू, चुक चुक.

"पिंगे, पिंगे, न्हा ना! बंब विझेना, काका मोजेनात, बाटली मिसळेना, डबा ओतेना, मशीन कापेना, पिल्लू सुटेना!"

"मी नाही न्हात, जा! तू तरी कुठे न्हातेस? नाक बघ तुझं! आधी तू न्हा, मग मी न्हाईन."

अगं बाई! चिचुंद्री कधीच न्हाली नव्हती. पाण्याची तिला भारी भीती.

बिळातून आवाज आला, "चीं... चीं..." आता अगदी बारीक.

चिचुंद्रीने डोळे मिटले. न्हाणीपाशी ताटलीत होतं कोमट पाणी. डुबुक!

"साबण पण!" पिंगी ओरडली.

चिचुंद्रीने साबण पण लावला. नाकावर फेस, शेपटीवर फेस. आक्छी!

पिंगी हसली, हसली, खूप हसली. "आई, मला पण! मला पण!"

मग काय!

पिंगी न्हाली. धबाधब, धबाधब.

शेवंताने लाकडं ओढली, पाणी ओतलं. चर्रर्र! बंब विझला.

"निखारा राहिला का गं?" काकांनी विचारलं.

"नाही आबा, राखसुद्धा भिजवली."

"बरं. पिंगीला घेऊन तू घरात थांब."

काकांनी डबा आणि मशीन अंगणात मोकळ्यावर आणली. ऑइल नीट मोजलं. बाटलीने मिसळलं. झाकण घट्ट लावून डबा हलवला. खळखळ, खळखळ.

डबा टाकीत ओतला. गट गट गट. एक थेंब सांडला. काकांनी फडक्याने पुसला. टाकीचं झाकण लावलं, डब्याचं झाकण लावलं. डबा तिथेच राहिला. मशीन मात्र त्यांनी डब्यापासून दूर, कडेच्या फांदीपाशी नेली.

घर्रर्र! घर्रर्र! मशीनने कापलं. फांदी गडगडली.

पिल्लू सुटलं!

पिल्लू बाहेर आलं. त्याने आईचा वास घेतला. परत घेतला. मग मागे सरकलं.

"तू माझी आई नाहीस! तुला साबणाचा वास येतो!"

चिचुंद्रीने पिल्लाला पोटाशी ओढलं. पिल्लू दूध प्यालं. चुट चुट, चुट चुट.

"हं," पिल्लू म्हणालं, "आईच आहे."

पिल्लाचं पोट भरलं, आपलीही गोष्ट पोटभर झाली.