संबंधित म्हणजे कोण?

प्रांतसाहेबांनी स्वतः लिहिलेला पूर आराखडा बैठकीत मोठ्या ऐटीत वाचायला घेतला. "पाणी वाढताच संबंधितांनी नाव सोडावी. संबंधितांनी म्हाताऱ्यांना शाळेत हलवावे."

"साहेब, संबंधित म्हणजे कोण?" नदीकाठच्या गावच्या पोलीस पाटील हौसाबाईंनी विचारलं.

"ज्याचं काम आहे तो! एवढंही कळत नाही?" साहेब कडाडले आणि त्यांना जोराचा ठसका लागला. "पाणी... पाणी द्या कुणीतरी!"

खोलीतली वीस माणसं एकमेकांकडे बघत राहिली. शेवटी हौसाबाईंनीच उठून पेला साहेबांच्या हातात दिला.

"संबंधितांची वाट बघितली, साहेब. कुणीच हललं नाही. तुमच्या आराखड्यात नाव आहे, पण कुणाचंच नाव नाही."

साहेबांनी पाणी संपवलं, पेन उघडलं आणि म्हणाले, "बाई, नावाड्याचं नाव सांगा."