काठावरची हरिणी

फार वर्षांपूर्वी एका रानात हरणांचा कळप राहत होता. त्यात रेवती नावाची एक म्हातारी हरिणी होती. कळप तळ्यावर पाणी प्यायला गेला, की ती स्वतः न पिता काठावर उभी राही आणि पाण्यावर जरासा तरंग उठला तरी ओरडे, "मागे फिरा!"

"मगर आहे तरी कुठे?" कळपाचा नायक दुर्जय हसायचा. "आजी, तुम्ही आम्हाला सुखानं पाणीसुद्धा पिऊ देत नाही."

सगळे तिला भित्री म्हणत. भित्री हे नाव घेऊनच ती म्हातारपणानं मेली.

त्यानंतर आठ दिवसांत मगरीनं तीन हरणं ओढून नेली. आता तळ्याकडे जायला कुणी धजेना. पाडसं तहानेनं रडू लागली.

"रेवतीआजी होत्या तोवर एकही हरीण गेलं नव्हतं," एक हरिणी म्हणाली. "तेव्हा हे कुणाच्या लक्षातच आलं नाही."

दुर्जय कळपाला तळ्यावर घेऊन गेला आणि काठावर उभा राहिला. पाणी काळंशार आणि स्थिर होतं. पान सळसळलं तरी तो दचकून मागे सरके. एवढी भीती पोटात घेऊन म्हातारी रोज इथं कशी उभी राहत होती, हे त्याला काही केल्या कळेना.