करवंदीचे कुंपण आणि सातवा वाटा

एका राज्यात सुरंगा नावाची राणी होती. तिला एकुलती लेक, केतकी. राजबागेला करवंदीचे जुने दाट कुंपण होते. त्यात ससे लपत, बुलबुल नांदत. दर चैत्रात केतकी सहा मैत्रिणींसह कच्ची करवंदे ओच्यात भरून आणी, कारण करवंदाच्या लोणच्यावर तिचा भारी जीव. एकदा तिच्या पायात काटा रुतला. थेंबभर रक्त आले, पण आईचेच काळीज ते! राणीने कुंपण तोडवले, जाळवले. घरट्यांत पिल्ले आहेत का, हे कुणी पाहिलेसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारी बुलबुलीण सिंहासनावर येऊन बसली.

“राणी, तू माझी पिल्ले नेलीस. मी तुमची नेते.”

तिने पंख झटकले. साती मुलींचे बुलबुल झाले आणि खिडकीतून उडून गेले.

राणीने पदर पसरला. “उःशाप दे, बाई.”

“तीन कामे कर. डोंगरातून बी आण. कुंपण स्वतःच्या हातांनी वाढव. आणि पहिले तीन बहर पाखरांचे. त्यातले फळ माणसाने तोडू नये. तिसरा बहर सरला की मुली येतील.”

करवंदीचे बी वाळले की रुजत नाही. राणीने ते ओल्या पदरात आणले, त्याच दिवशी पेरले. वर्षे गेली, हात ओरबाडले, केस पिकले. कुंपण वाढले, दोन बहर पाखरांनी खाल्ले.

तिसऱ्या बहराचा चैत्र आला. लेक दोन महिन्यांत घरी येणार, आणि घरात लोणचे नाही! अट राणीच्या ध्यानात होती. पण मूठभराने काय होते, असे तिला वाटले. तिने हिरवी करवंदे तोडली, ठेचली, मीठ-मोहरी लावून बरणीत भरली आणि तोंडाला फडक्याचा दादरा बांधला.

ज्येष्ठात बहर सरला. कुंपणातून एकेक करून सहा मुली बाहेर आल्या. आयांनी त्यांना पोटाशी धरले.

“माझी केतकी?” राणीने विचारले.

“या बहरात सात जणींच्या सुटकेचे सात वाटे होते,” बुलबुलीण म्हणाली. “एक तुझ्या बरणीत आहे.”

“तो परत देते!”

“मीठ लागलेले फळ पाखरू खात नाही, राणी.”

राणी कुंपणापाशी बसून फार रडली.

पुढे त्या राज्यात कुंपणाला कोयता लागला नाही, आणि पहिली करवंदे पाखरांना सोडायची रीत पडली. दर वैशाखात एक बुलबुल राणीच्या तळहातावरून पिकले करवंद खाऊन जाई. सहा घरांची कहाणी सुफळ झाली. सातव्या घरी बरणीचा दादरा अजून सुटलेला नाही.